पांढरी पूड

पॅसेजमधला सीएफएल दोन दिवस लुकलुकत होता. नळ्यांची बुडं काळी पडली होती. २०१७ सालचं नवरात्र दुसऱ्या दिवशी बसणार होतं, घरात झाडलोट चालली होती, तेव्हा हाही आजच बदलून टाकू म्हटलं. बटण बंद केलं, स्टुलावर चढले आणि पिवळा बल्ब जसा काचेला धरून, दाबून, फिरवून काढायचा तसाच हा काढायला गेले. सहा वर्षांच्या उष्णतेनं तो होल्डरमध्ये घट्ट बसला होता. जरा जोर लावला तशी नळी कट्कन तुटली, हातातून सुटली आणि फरशीवर पडली.

“काय गं पडलं?” सासूबाईंनी आतून विचारलं.

“काही नाही, बल्ब फुटला.”

दीड वर्षांची नात दुडदुडत आवाजाच्या दिशेनं निघाली होती. तिला उचलून सासूबाईंच्या मांडीवर दिलं. काच लागेल, एवढीच काळजी होती. मग केरसुणी घेतली, काचा सुपलीत भरल्या आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात ओतल्या. वर पंखा फिरत होता, तो बंद करायचं मनातही आलं नाही. बारीक कण राहू नयेत म्हणून ओल्या फडक्यानं फरशी पुसली, फडकं बादलीत पिळलं, ते पाणी न्हाणीघरात ओतलं. पंधरा मिनिटांत सगळं आवरलं. संध्याकाळी नात त्याच फरशीवर बसून डबे वाजवत होती.

आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताई ‘स्वच्छ’च्या सदस्य आहेत. पुण्यात कचरावेचकांनी स्वतः उभी केलेली ही सहकारी संस्था. २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला आणि दारोदार कचरा गोळा करण्याचं काम तिच्या सदस्यांकडे आलं. ताई दारातून डबे रिकामे करून नेतात आणि खाली पार्किंगच्या कोपऱ्यात बसून सुका कचरा हातानं निवडतात. कागद वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, काच वेगळी. त्यातलं विकून चार पैसे मिळतात, ते त्यांचेच.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास घंटी वाजली. दारात ताई. डाव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली.

“काकू, काल काच टाकली होती का?”

माझा जीव अर्धा झाला. मी आत मलमपट्टी शोधायला लागले, तर त्या म्हणाल्या, “काचेचं काय, ते रोजचंच आहे. पण हे पांढरं काय आहे? रांगोळीवाणी. हात ओला होता, तर चिकटून बसलं.” त्यांनी तळहात पुढे केला. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडांना पांढुरकी पूड बसली होती.

“बल्बमधली पावडर असेल,” मी म्हटलं. “साबणानं धुवा.” त्यांनी आमच्या बेसिनवर हात धुतले, मी पट्टी बांधली, त्या गेल्या. त्यांनी विचारलं होतं काय आणि मी उत्तर दिलं काय! ती पूड कशाची, हे मला माहीत नव्हतं. घरात दहा-बारा वर्षं जळणाऱ्या वस्तूच्या पोटात काय आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुपारी पोटमाळ्यावरची खोकी काढली. आमच्याकडे बल्बची खोकी फेकत नसत, कारण अण्णा, माझे सासरे, ती जपून ठेवायचे. नव्यातल्या एका खोक्याच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांच्या गर्दीत दोन खुणा सापडल्या. एक चाकांच्या कचराकुंडीची, तिच्यावर फुली. दुसरी ‘एचजी’ ही दोन अक्षरं. शाळेत मूलद्रव्यांची चिन्हं पाठ केली होती, त्यातलं हे डोक्यात राहिलेलं. एचजी म्हणजे पारा.

पारा मला नवा नव्हता. आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलो. ताप मोजायचा थर्मामीटर फुटला की तो पारा तळहातावर घेऊन पळवायचा, त्याचे दोन गोळे करायचे, पुन्हा एक करायचा, हा आमचा खेळ होता. वाड्यातली मुलं गेलेल्या ट्यूब भिंतीवर आपटून फोडायची, कारण त्यांचा आवाज फटाक्यासारखा यायचा. त्या ट्यूबमध्येही पाराच असतो, हे मला त्या दुपारी, वयाच्या पन्नाशीनंतर कळलं.

पुढचे काही दिवस मी जे मिळेल ते वाचत होते. भाचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, त्याला फोन करून करून भंडावलं. त्यानं फार छान समजावलं. पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून लाल-पिवळी होते, तिचा उजेड पडतो. पण आत गेलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच जातो. सीएफएलमध्ये तार तापवून उजेड काढत नाहीत. नळीत पाऱ्याची किंचित वाफ असते. वीज तिच्यातून गेली की त्या वाफेतून अतिनील किरण निघतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. नळीला आतून जो पांढरा लेप दिलेला असतो तो हे किरण पितो आणि त्यांचा दिसणारा उजेड करतो. म्हणजे ताईंच्या हाताला चिकटलेली रांगोळी हीच खरी उजेड देणारी वस्तू होती. आणि बल्ब जसजसा जुना होतो तसतसा आतला पारा याच लेपात मुरत जातो. म्हणून जुन्या बल्बची पूड नुसती पूड नसते.

“किती पारा असतो रे?” मी विचारलं.

साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम, तो म्हणाला, बल्ब कुणी आणि केव्हा केला त्याप्रमाणे कमी-जास्त. तापाच्या जुन्या थर्मामीटरमध्ये अर्धा ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे आम्ही वाड्यात जो पारा तळहातावर खेळवला, त्यात असे शंभरेक बल्ब भरले असते. हे ऐकून धीर आला. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, एका फुटलेल्या बल्बनं नातीला काही होणार नाही, घाबरू नका. पण लहान मूल जमिनीलगत वावरतं, हात तोंडात घालतं, तेव्हा पुन्हा असं झाडू नका, असंही म्हणाले.

मी धीर धरला, पण माझ्या घरापुरताच. ताईंचा हिशेब माझ्यासारखा नव्हता. त्या रोज आमच्यासारख्या दीड-दोनशे घरांचा कचरा निवडतात. माझ्या आयुष्यात फुटलेला तो पहिला सीएफएल. त्यांच्या हातून असे किती गेले असतील? महिन्याभरानं मी त्यांना हे सगळं, जसं मला कळलं तसं, पार्किंगमध्ये बसून सांगितलं. त्या ऐकत होत्या, हात चालूच होते. मग म्हणाल्या, “ट्यूबच्या टोकाच्या टोप्या निघतात ना, ॲल्युमिनियमच्या, त्यासाठी आमच्यातल्या बाया ट्यूब फोडतात. मीपण फोडल्यात. वास येत नाही, चटका बसत नाही. मग कळणार कसं?”

पाऱ्याचं हेच अवघड आहे. वाफेला ना रंग, ना वास.

आता अण्णांविषयी लिहिलं पाहिजे, कारण सीएफएल आमच्या घरात त्यांनी आणला. २००५-०६ चा काळ. राज्यभर भारनियमन चाललेलं. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी तर दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. चुलतसासरे फोनवर बोलायचे ते विहिरीच्या मोटरविषयी आणि रात्रीच्या लाइटविषयीच. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हिशेबी माणूस. त्यांनी एका जाड वहीत मीटरचं रीडिंग दर रविवारी लिहायला सुरुवात केली. मग एके दिवशी शंभरावर रुपये मोजून एक सीएफएल आणला. पिवळा बल्ब तेव्हा दहा-बारा रुपयांना मिळायचा. सासूबाईंना हा खर्च अजिबात पटला नाही. अण्णांनी त्यांना समोर बसवून वहीत मांडून दाखवलं. साठ वॉटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट. तेवढाच उजेड देणारा चौदा वॉटचा सीएफएल जळला तर दोन युनिट आणि वर थोडं. एका दिव्यामागे महिन्याला सात युनिट वाचली. सहा दिवे बदलले तर चाळीस! सासूबाई म्हणाल्या, “मग आणा की सहा.”

पुढे २००९ मध्ये केंद्राची ‘बचत लॅम्प योजना’ आली. तिच्यात पिवळा बल्ब दिला की पंधरा रुपयांत सीएफएल मिळायचा. आम्हाला त्याची गरज उरली नव्हती, आमचे सगळे दिवे तोवर पांढरे झाले होते.

प्रत्येक नव्या बल्बच्या प्लॅस्टिकच्या बुंध्यावर अण्णा काळ्या मार्करनं तारीख घालायचे. दुकानदार वर्षाची गॅरंटी द्यायचा आणि तारीख नसली तर भांडायला पुरावा काय, हा त्यांचा मुद्दा. बल्ब गेला की वहीत नोंद. त्या वहीतून मला पुष्कळ शिकायला मिळालं. हॉलमधले दिवे चार-चार, पाच-पाच वर्षं टिकले, आणि संडास-बाथरूममधले आठ-दहा महिन्यांत गेले. अण्णांनी समासात कारण लिहिलंय, ‘वारंवार चालू-बंद’. ते बरोबर होतं. सीएफएल पेटताना त्याच्या टोकाच्या तारांना दरवेळी झळ लागते, म्हणून दोन मिनिटांसाठी लावायचा आणि मालवायचा अशा जागी तो लवकर संपतो. बाल्कनीतल्या बंद काचेच्या गोळ्यातलाही लवकर गेला, कारण आतल्या आत उष्णता कोंडते आणि बुंध्यातलं सर्किट भाजून निघतं. तो गेला तेव्हा जळक्या प्लॅस्टिकचा वास आला होता, बुंधा तपकिरी पडला होता. बाथरूममध्ये अण्णांनी पुन्हा पिवळा बल्ब लावला. आपल्या बचतीच्या हट्टापायी चुकीच्या जागी चुकीचा दिवा ठेवायचा नाही, हे त्यांना कळत होतं.

सासूबाईंची तक्रार वेगळीच होती. त्या तिन्हीसांजेला पहिला दिवा लावला की हात जोडतात. बल्ब असो, ट्यूब असो, लावला की नमस्कार. सीएफएल सुरुवातीला मंद लागायचा, पुरता उजळायला अर्धा-एक मिनिट घ्यायचा. थंडीत तर जास्तच. “नमस्कार होऊन जातो तरी ह्याचा उजेड येत नाही,” असं त्या म्हणायच्या. मग सवय झाली, हात जोडून उजेड पुरा होईपर्यंत त्या उभ्या राहायला लागल्या. अजून राहतात.

अण्णा २०१३ मध्ये गेले. त्यांची सवय अशी, की गेलेला बल्ब ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात घालून माळ्यावर ठेवायचा. आम्ही त्याला म्हाताऱ्या माणसाची जपणूक समजत होतो. त्या दुपारी खोकी काढताना मोजले, सतरा बल्ब निघाले, सगळे मेलेले, सगळे अखंड. बुंध्यांवर तारखा. फुटला त्याच्यावरही होती, १४-८-११. तुकड्यांमधला बुंधा मी केराच्या डब्यात टाकला तेव्हा ती दिसली होती. पाऱ्याचं अण्णांना ठाऊक होतं की नाही, ते आता कोण सांगणार? पण या सतरांपैकी एकही कुण्या बाईच्या हातात फुटला नाही.

सतरा बल्ब द्यायचे कुठे, हा शोध मी सुरू केला आणि ते देईपर्यंत चार महिने गेले.

आधी ज्या दुकानातून घेतले तिथे गेले. गॅरंटीतला असेल तर बदलून देऊ, जुने आम्ही काय करायचे, असं उत्तर. मग एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या माणसानं सुक्या कचऱ्यात टाका म्हणून सांगितलं. मी म्हटलं, नियमात तर तसं नाही. खरोखरच नव्हतं, मी वाचून गेले होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून वेगळा वर्ग केलेला होता. त्यात रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया यांच्या जोडीला सीएफएल आणि ट्यूबलाइट नावानिशी लिहिले होते. असा कचरा जमा करायला दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र असावं, असंही त्यात होतं. शिवाय त्याच वर्षी ई-कचऱ्याचे जे नवे नियम लागू झाले, त्यांत पाऱ्याचे दिवे प्रथमच ई-कचऱ्यात धरले गेले आणि वस्तू परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर आली. कागदावर म्हणाल तर माझ्या सतरा बल्बना दोन दोन दारं उघडी होती. प्रत्यक्षात मी पिशवी घेऊन परत घरी आले.

मला राग आला होता आणि तो मी लपवत नाही. हा दिवा घ्या म्हणून आम्हाला जाहिरातींतून, शाळांतून, लाइटबिलाच्या मागच्या पानावरून सांगितलं गेलं. तेव्हा सांगणाऱ्यांचा आवाज खणखणीत होता. आम्ही ऐकलं, कारण ते खरं होतं, वीज वाचतच होती. वीज वाचली की कोळसा कमी जळतो, आणि कोळशातूनही पारा हवेत जातो, तोही कमी जातो. पण गेलेला दिवा कुठे द्यायचा, हे सांगायची वेळ आली तेव्हा मुंगीएवढी अक्षरं!

शेवटी ई-कचरा घेणारं एक नोंदणीकृत केंद्र सापडलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. फोनवरच्या मुलीनं अटी सांगितल्या. दिवे अखंड हवेत, ट्यूब आणि बल्ब वेगवेगळे, फुटलेले असतील तर झाकणाच्या बरणीत बंद करून आणि वर चिठ्ठी लावून. आणि फक्त सतरा असतील तर एवढ्या लांबून कशाला येता, सोसायटीचे गोळा करून आणा.

हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या सोसायटीत ४८ घरं. मी जिन्याखाली दोन खोकी ठेवली, एक टीव्हीचं, त्यात जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे, आणि एक लांबट, पडद्याच्या दांड्यांचं, ट्यूबसाठी. त्याच सुमारास पुण्यात सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्यायची मोहीम चालली होती, म्हणजे कचरा निवडणाऱ्या बाईला न उघडता कळावं. तीच खूण मी घेतली. खोक्यांवर मोठे लाल ठिपके काढले आणि मराठीत लिहिलं, ‘गेलेले सीएफएल, ट्यूब, एलईडी बल्ब. हळू ठेवा. फुटलेले ठेवू नका, ४०३ मध्ये सांगा.’ ४०३ म्हणजे आमचं घर.

पहिल्या आठवड्यात काही आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी संध्याकाळी घरोघर गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “अगं, माझ्याकडे आहेत की, टाकवत नाहीत म्हणून ठेवलेत.” असं पुष्कळांकडे निघालं. कुणाच्या फडताळात, कुणाच्या पलंगाखाली, कुणाच्या शिवणाच्या मशिनीमागे. काहीतरी चुकतंय हे लोकांना आतून वाटतच होतं, फक्त द्यायला जागा नव्हती. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत १३० बल्ब आणि २६ ट्यूब जमल्या.

संक्रांतीनंतरच्या रविवारी टेम्पो केला. ताईंना विचारलं, येता का? त्यांनी आपल्या वस्तीतल्या आणखी एकीला बरोबर घेतलं. केंद्रातल्या माणसानं आमची मोजणी केली, पावती दिली आणि पुढे काय होतं ते ताईंना नीट सांगितलं. इथून हे पुनर्प्रक्रिया कारखान्यात जातात. तिथे बंद यंत्रात फोडतात, आतली हवा सतत ओढून गाळली जाते, म्हणजे वाफ कामगाराच्या नाकाशी येत नाही. काच, ॲल्युमिनियमच्या टोप्या आणि पांढरी पूड वेगळी होते. पूड तापवून त्यातला पारा वाफेनं काढतात आणि थंड करून पुन्हा जमा करतात.

“म्हणजे टोपी त्यांनाही लागतेच,” ताई म्हणाल्या. “फक्त ते बंद डब्यात फोडतात आणि आम्ही उघड्यावर.”

परत येताना टेम्पोत त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, हे नुसतं पुरून टाकलं तर? मी त्यांना जपानमधल्या मिनामाताविषयी सांगितलं. तिथल्या रासायनिक कारखान्यानं वर्षानुवर्षं पाऱ्याचं सांडपाणी खाडीत सोडलं, ते माशांत उतरलं, मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या घरांत माणसं लुळी पडायला लागली, मुलं तशीच जन्माला आली. १९५६ मध्ये तो आजार उघडकीला आला. तिथला पारा टनांनी होता, आणि तोही विषारी सेंद्रिय रूपात. आपले बल्ब म्हणजे ते नव्हे, हेही सांगितलं, कारण उगाच भीती घालायची नव्हती. पण उकिरड्यावर फुटलेल्या दिव्यांचा पारा काही हवेत जातो, काही पाण्यात उतरतो, आणि तिथल्या गाळातले जीवाणू त्याचं तसंच विषारी रूप करू शकतात. पारा कुजत नाही, जळून संपत नाही. त्या गावाच्या नावानंच पुढे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि आमच्या पॅसेजमधला बल्ब फुटायच्या महिनाभर आधी, ऑगस्ट २०१७ मध्ये, तो अमलात आला. भारतानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली.

दोन वर्षांनी दुसऱ्या मजल्यावर एकांच्या स्वयंपाकघरातली ट्यूब फुटली. त्यांची मुलगी धावत वर आली, “काकू, तुम्ही पाटीवर लिहिलंय ना, सांगा म्हणून.” यावेळी मी केरसुणीला हात लावू दिला नाही. आधी मुलांना आणि मांजराला दुसऱ्या खोलीत पाठवलं, पंखा बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि आम्ही सगळ्याच दहा मिनिटं बाहेर जिन्यात उभ्या राहिलो. मग हातात जुने रबरी मोजे घालून दोन जाड पुठ्ठ्यांनी काचा आणि पूड गोळा केली, लग्नपत्रिकांचे पुठ्ठे याला उत्तम. फरशीच्या सांध्यांतली बारीक पूड चिकटपट्टी दाबून दाबून उचलली. शेवटी ओल्या कागदानं पुसलं. फडकं घेतलं नाही, कारण फडकं आपण पुन्हा धुतो आणि पाणी मोरीत जातं. व्हॅक्यूम क्लीनर त्यांच्याकडे होता, तो लावू का असं त्या विचारत होत्या. नको म्हटलं, तो पूड घरभर उधळतो. कागद, चिकटपट्टी, पुठ्ठे, मोजे, बारीक तुकडे सगळं लोणच्याच्या काचेच्या बरणीत गेलं, मोठे तुकडे जाड पिशवीत दोनदा गुंडाळून. झाकण घट्ट लावलं, लाल ठिपका, चिठ्ठी. खिडक्या संध्याकाळपर्यंत उघड्या ठेवल्या. त्यांच्या मुलाच्या चादरीवर पूड पडली होती. ती मशिनमध्ये न घालता बरणीबरोबर दिली. चांगली चादर होती, जीव हळहळला त्यांचा, पण दिली.

आता घरोघर एलईडी आहेत. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली, तिच्यातून देशभर ३६ कोटींच्या वर एलईडी बल्ब वाटले गेले आणि त्यांचे भाव झपाट्यानं उतरले. आमच्याकडेही २०१६ पासून एकेक करत नऊ वॉटचे एलईडी आले. त्यांत पारा नसतो. फुटला तरी ती नुसती काच किंवा प्लॅस्टिक. पण बुंध्यात सर्किट असतं, डाख असतो, म्हणून गेला की तोही ई-कचराच, म्हणून आमच्या खोक्यावर त्याचं नाव आहे. आणि तो नेहमी कायमचा जातो असंही नाही. मंडईजवळ रस्त्यावर बसणारा एक मुलगा बल्बची टोपी उघडून जळलेला ड्रायव्हर बदलतो आणि तीस रुपयांत बल्ब पुन्हा चालू करून देतो. मी त्याच्याकडून चार करून घेतले, त्यातले तीन अजून चालतात. माझ्या मते खोक्यात टाकण्याआधी त्याच्याकडे एक फेरी मारलीच पाहिजे.

सीएफएल आता दुकानात फारसे दिसत नाहीत. मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात ठरवल्याप्रमाणे २०२७ पर्यंत अशा दिव्यांचं सगळं उत्पादन थांबायचं आहे, ट्यूबचंसुद्धा. पण तोवर विकलेले आणि घरांत लागलेले कोट्यवधी दिवे अजून जायचे आहेत. काही शाळांत, काही जिन्यांत, काही गावाकडच्या गोठ्यांत. मला भेटणारे लोक म्हणतात, आता काय, एलईडी आले, तो प्रश्न मिटला. मला वाटतं, या दिव्यांची फेकायची वर्षं तर आत्ता चालू आहेत.

आमचं टीव्हीचं खोकं फाटलं, त्याच्या जागी तिसरं आलं. वर्षातून दोनदा टेम्पो जातो, शेजारच्या तीन सोसायट्याही येतात. गेल्या महिन्यात ताई सकाळी पाचव्या इमारतीकडून येताना दिसल्या. ढकलगाडीवर रचलेल्या गोण्यांच्या वर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला होता आणि तो एका हातानं सांभाळत होत्या. आत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला सीएफएल. “एकजण सुक्यात टाकत होता. मी म्हटलं, द्या माझ्याकडं, काकूंच्या खोक्यात जातो हा.”

मी तो हातात घेतला, बुंध्याला धरून. नळी अखंड होती.

आमच्या घरात अण्णांच्या हातचा एक सीएफएल अजून जळतो आहे, सासूबाईंच्या खोलीतला. संध्याकाळी एकदा लावायचा, रात्री एकदा मालवायचा, म्हणून टिकला. चालता दिवा काढून टाकायचा नाही, असं सासूबाईंचं म्हणणं आहे आणि मलाही ते पटतं. त्याच्या बुंध्यावर ३-११-१२ अशी तारीख आहे, मार्कर थोडा पुसट झालाय. त्याचं रिकामं खोकं माळ्यावर ठेवलेलं आहे.